खाडीतली चिंबोरी : खेकडे पकडण्यासाठी चांगली जागा कशी ओळखायची?

मुंबई-रायगडकडे चिंबोरी, मालवण-गोव्याकडे कुर्ली आणि पुस्तकात खेकडा. नाव कोणतेही असले, तरी कोकण किनाऱ्यावर सुट्टीत गेलेल्या अनेकांना एकदा तरी तो स्वतः पकडून पाहावासा वाटतो. त्यासाठी होडी लागत नाही. जाळ्याची एक कडी, दोरी, थोडे आमिष आणि दोन-तीन तासांचा वेळ एवढे पुरते. तरीही एकाच खाडीत एकाची पिशवी भरते आणि शंभर पावलांवर बसलेला दुसरा रिकाम्या हाताने परततो. यात नशिबाचा भाग थोडा आणि जागा व वेळ यांचा भाग मोठा असतो.

हौस म्हणून, घरापुरते खेकडे पकडायचे असतील तर जागा कशी शोधावी, ती कोणत्या वेळी चांगली असते आणि कोणत्या जागा टाळाव्यात, याची माहिती या लेखात आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची आहेत.

आधी खेकडा कोणता, ते ठरवा

जागा खेकड्याच्या जातीवर अवलंबून असते. कोकणात खाण्यासाठी पकडले जाणारे खाऱ्या पाण्यातले खेकडे ढोबळमानाने तीन प्रकारच्या ठिकाणी मिळतात.

• चिखलातला खेकडा : हिरवट-काळपट किंवा तपकिरी रंगाचा, जाड नांग्यांचा आणि वजनदार. शास्त्रीय नाव सिला. भारतात याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात, सिला सेराटा आणि सिला ऑलिव्हेशिया. पहिली आकाराने मोठी होते आणि खाडीच्या पाण्यात जास्त फिरते. दुसरी तुलनेने लहान असते आणि कांदळवनातल्या बिळांमध्ये जास्त सापडते. हौशी माणसाचे लक्ष्य बहुधा हाच खेकडा असतो.

• वाळूतला पोहणारा खेकडा : कवच पातळ, दोन्ही बाजूंना लांब काटा आणि मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे. पाठीवर तीन गडद ठिपके असलेली जात बाजारात सहज ओळखता येते. हे खेकडे वाळूत अंग पुरून बसतात. ते जास्त करून मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, काठावरून कमी मिळतात.

• खडपातले खेकडे : खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कपारींत आणि डबक्यांत राहणारे. यांच्यात अनेक जाती आहेत आणि सगळ्या खाण्याजोग्या नाहीत. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

पावसाळ्यात भातशेतीच्या बांधावर आणि ओढ्यांत मिळणारे मुठे गोड्या पाण्यातले असतात. त्यांचे राहणीमान वेगळे असल्यामुळे ते या लेखात घेतलेले नाहीत.

खेकड्याला काय हवे असते?

चांगली जागा म्हणजे खेकड्याच्या तीन गरजा एकत्र भागतील अशी जागा. या गरजा म्हणजे लपायला आडोसा, खायला अन्न आणि येण्या-जाण्यासाठी पाणी.

चिखलातल्या खेकड्याला मऊ पण घट्ट बसणारा चिखल लागतो, कारण त्यात बीळ टिकते. पायाखाली घसरून जाणाऱ्या पातळ रेंद्यात बीळ ढासळते आणि कोरड्या टणक मुरमात ते खणता येत नाही. कांदळवनातल्या झाडांची मुळे चिखल धरून ठेवतात. म्हणून तिवर, कांदळ आणि चिपी या झाडांच्या कडेला खेकड्यांची वस्ती दाट असते.

अन्नाच्या बाबतीत तो फार चोखंदळ नाही. शिंपले, कालवे, गोगलगायी, लहान खेकडे, मेलेले मासे असे बरेच काही तो खातो. खडकावर किंवा जेट्टीच्या खांबांवर कालवांचे थर असतील, चिखलावर शिंपल्यांचे फुटके तुकडे पडलेले असतील, तर तिथे खाणारा कोणीतरी येतो हे निश्चित.

तिसरी गोष्ट पाणी. ओहोटीला खेकडा बिळात किंवा खोल पाण्यात थांबतो आणि भरतीच्या पाण्याबरोबर उथळ भागात चरायला येतो. त्यामुळे खोल पाणी आणि उथळ चिखल यांना जोडणारा मार्ग जिथे असेल, तिथे त्याची ये-जा रोज होते. जाळे टाकायचे ते अशाच मार्गावर.

पाहण्याजोग्या जागा

लहान नाळ मोठ्या खाडीला मिळते तो कोपरा. ही सर्वांत भरवशाची जागा आहे. कांदळवनातून पाणी आणणारे अरुंद नाळे मुख्य खाडीला मिळतात तिथे थोडी खोली असते. ओहोटीबरोबर अन्न वाहत तिथे येते, आणि भरती सुरू होताच खेकडे त्याच तोंडातून आत शिरतात. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, आचरा, कर्ली आणि तेरेखोल या खाड्यांमध्ये असे शेकडो कोपरे आहेत. नाव माहीत असण्यापेक्षा आकार ओळखता येणे महत्त्वाचे. मोबाइलवर उपग्रहाचे चित्र उघडले, तरी हे नाळे झाडाच्या फांद्यांसारखे स्पष्ट दिसतात.

खाडीच्या वळणाची बाहेरची बाजू. पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाला घासत जाते आणि तिथे खोली तयार होते. आतल्या बाजूला वाळू-गाळ साचून उथळ दांडा तयार होतो. ओहोटीला खेकडे बाहेरच्या बाजूच्या खोलीत थांबतात. काठावर झाडांची मुळे पाण्यात उतरलेली असतील तर आणखी चांगले.

उघाडी आणि खारबंधारे. खारभूमीच्या शेतात समुद्राचे पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला जी दारे असतात, त्यांना रायगडकडे उघाडी म्हणतात. गोव्यातल्या खाजण शेतीत त्यालाच मानस म्हणतात. ओहोटीला दार उघडून आतले पाणी बाहेर पडते, त्याबरोबर लहान मासे आणि कोळंबी येते. दाराबाहेरच्या खळग्यात खेकडे त्यांची वाट पाहत असतात. मात्र गोव्यात अनेक मानशींवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो आणि महाराष्ट्रातही बांधाचा वापर गावाच्या संमतीने चालतो. अशा ठिकाणी विचारल्याशिवाय जाळे टाकू नये. आणखी एक काळजी म्हणजे दारातून पडणाऱ्या पाण्याची ओढ जबरदस्त असते. काठ सोडून खळग्यात उतरू नये.

जेट्टी आणि पुलाचे खांब. मासे उतरवण्याच्या जेट्टीखाली टाकाऊ मासे पडतात आणि खांबांना कालवे चिकटलेली असतात. नवख्या माणसाला किंवा मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ही जागा सोयीची, कारण चिखलात न उतरता कडीचे जाळे सरळ खाली सोडता येते. होड्या लागण्याच्या वेळा टाळाव्यात आणि बांधलेल्या दोरांपासून दूर राहावे.

खडप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळ समुद्रात उतरतो तिथे, तसेच मुंबई-रायगडच्या खडकाळ किनाऱ्यावर, उधाणाच्या ओहोटीला मोठा भाग उघडा पडतो. कपारींत आणि दगडांखाली खेकडे असतात. उचललेला दगड पुन्हा जसा होता तसा ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी, शेवाळ आणि लहान जीव असतात आणि उताणा पडलेला दगड काही तासांत सुकून त्यांचा नाश होतो.

जिवंत जागेच्या खुणा

ओहोटी असताना एकदा काठाने नुसती फेरी मारली, तरी बरेच समजते. पाणी उतरलेले असताना जागा पाहायची आणि पाणी चढताना जाळे टाकायचे, हा साधा क्रम आहे.

• बिळाचे तोंड : मोठ्या खेकड्याचे बीळ आडवे, चपटे आणि रुंद असते, आणि तिरके खाली जाते. गोल व बोटाएवढी असंख्य छिद्रे दिसली, तर ती एका मोठ्या नांगीच्या छोट्या रंगीत खेकड्यांची असतात. ते खाण्याचे नसले तरी चिखल जिवंत असल्याची खूण आहेत.

• ताजा चिखल : बिळाबाहेर ओला, वेगळ्या रंगाचा चिखल ढकललेला असेल आणि पायांच्या टोकांचे ठसे असतील, तर खेकडा आत आहे. तोंडाशी जाळी किंवा शेवाळ धरलेले असेल, तर बीळ ओस पडलेले आहे.

• फुटलेली शिंपली : कडा तोडल्यासारखी फुटलेली ताजी शिंपली म्हणजे रात्रीच्या जेवणाची उरलेली खरकटी.

• टाकलेली कात : काठावर रिकामी, हलकी कवचे सापडली तर आसपास वाढीला लागलेले खेकडे आहेत. पूर्ण कवच असूनही आत मांस नसेल आणि वास येत नसेल, तर ती मेलेला खेकडा नव्हे, कात असते.

• पक्षी : ओहोटीच्या चिखलावर बगळे, कुदळे आणि तुतारी चरत असतील, तर तिथे अन्नाची साखळी शाबूत आहे.

बीळ सापडले म्हणून त्यात हात घालू नये. मोठ्या खेकड्याची नांगी बोटाचे हाड मोडू शकते. कांदळवनातल्या बिळांत पाणसापही असतात. अनुभवी लोक लांब लोखंडी आकडी वापरून खेकडा बाहेर काढतात. मात्र ते कसब पाहून शिकावे लागते, आणि चुकीच्या ओढीने खेकड्याचे पाय तुटतात. नवख्या माणसाने कडीच्या जाळ्यावरच भर द्यावा.

भरती-ओहोटीचे गणित

जागा बरोबर आणि वेळ चुकीची असेल तर पदरी काही पडत नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात यासाठी जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागू पडतो. तो मुंबईच्या आसपास जास्त जुळतो. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जावे तशी भरती लवकर होते आणि खाडीत आत शिरावे तशी ती उशिरा पोहोचते. त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत मिळतात.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी असतो. उधाणाला मुंबईजवळ हा फरक चार मीटरच्या वर जातो, तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो बराच कमी असतो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. जाळे टाकण्यासाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे भरती चढू लागल्यापासूनचे पहिले दोन तास आणि पूर्ण भरतीच्या आधी-नंतरचा अर्धा-पाऊण तास. पहिल्या काळात खेकडा चरायला निघालेला असतो. दुसऱ्या काळात पाण्याची ओढ मंदावते आणि जाळे तळाला नीट बसते.

२. ओहोटी-भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने धावते. एकूण चढणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे याच दोन तासांत चढते. या वेळी हलके जाळे वाहून जाते. आडोशाच्या नाळ्यात जागा नसेल, तर हा वेळ चहा पिण्यात घालवलेला बरा.

३. खडप आणि बिळे पाहण्यासाठी उधाणाची ओहोटी चांगली आणि मुख्य खाडीत जाळे टाकण्यासाठी भांगाचे दिवस सोयीचे. पौर्णिमा-अमावास्येला कोकणात खोल ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते. त्यामुळे संध्याकाळी खडपात गेल्यास अंधार आणि चढते पाणी एकाच वेळी गाठतात. खडपासाठी सकाळची ओहोटी निवडावी.

चिखलातला खेकडा निशाचर आहे, त्यामुळे सूर्यास्तानंतर तो जास्त हिंडतो. गढूळ पाण्यात मात्र तो दिवसाही बाहेर येतो. नवख्या माणसाने संध्याकाळच्या भरतीला जेट्टीवरून सुरुवात करावी. रात्री चिखलात उतरण्याचे काम जाणकारांवर सोडावे.

ऋतूप्रमाणे जागा बदलते

जी जागा दिवाळीत चांगली होती ती जुलैत रिकामी असू शकते. याचे मुख्य कारण पाण्याचा खारेपणा. पावसाळ्यात नद्यांना पूर येतो तेव्हा खाडीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होतो. हा खेकडा कमी-अधिक खारेपणा सोसू शकतो, तरी पूर मोठा असला की तो खाडीच्या मुखाकडे सरकतो. पाऊस थांबल्यावर खारे पाणी हळूहळू वर चढते आणि खेकडेही आत पसरतात. मार्च-एप्रिलमध्ये खारेपणा खाडीत बराच आतपर्यंत पोहोचलेला असतो, म्हणून तेव्हा वरच्या भागातले नाळेही पाहण्यासारखे असतात. हौशी माणसासाठी पाऊस सरल्यापासून उन्हाळा कडक होईपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

मादीचा प्रवासही लक्षात घ्यावा. चिखलातल्या खेकड्याची मादी अंडी घालण्यासाठी खाडी सोडून समुद्राकडे जाते, कारण अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांना समुद्राचे खारे पाणी लागते. थोडी वाढ झाली की पिल्ले पुन्हा खाड्यांमध्ये आणि कांदळवनात येतात. म्हणून खाडीच्या मुखाजवळ मोठ्या माद्या जास्त दिसू लागल्या, तर तिथे जाळे टाकण्याऐवजी जागा बदलावी. एका मादीच्या पोटाखाली लाखो अंडी असतात आणि पुढच्या वर्षीची खाडी तिच्यावर अवलंबून असते.

जागेची परीक्षा कशी घ्यावी?

खुणा पाहून जागा हेरली, तरी खरे उत्तर जाळेच देते. त्यासाठी एकच जाळे एका जागी तासभर धरून बसण्यापेक्षा चार-पाच जाळी वेगवेगळ्या खोलीवर टाकावीत. एक काठाजवळच्या मुळांपाशी, एक नाळ्याच्या तोंडात, एक खोल उतारावर आणि एक कालवे असलेल्या दगडाजवळ.

आमिष म्हणून माशांची डोकी, मुशीचे तुकडे किंवा कोंबडीचे पाय चालतात. ते जाळ्याच्या मध्यभागी घट्ट बांधावे, नाहीतर खेकडा तुकडा तोडून निघून जातो. खेकडा वासावर येतो आणि वास पाण्याच्या प्रवाहाबरोबर पसरतो. त्यामुळे जाळे अशा ठिकाणी टाकावे की तिथून वाहणारे पाणी कांदळवनाच्या कडेने किंवा बिळांच्या बाजूने जाईल. वास उघड्या खाडीत वाहून जात असेल, तर चांगले आमिषही फुकट जाते.

दर पंधरा-वीस मिनिटांनी जाळे एका दमात, न थांबता वर ओढावे. दोरी हळू ओढली की खेकडा कडीवरून उतरून जातो. दोन-तीन फेऱ्यांत काहीच आले नाही तर जाळे वीस-तीस पावले सरकवावे. एका जाळ्यात सतत खेकडे येत असतील तर बाकीची त्या खोलीवर आणावीत.

एक लहान वही ठेवावी. तिथी, भरतीची वेळ, जागा, अंदाजे खोली, किती खेकडे आले, त्यात नर किती आणि मादी किती, एवढे लिहिले तरी पाच-सहा खेपांत त्या खाडीची चाल समजू लागते. गावातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात हीच वही असते. त्यांच्याकडे आदराने चौकशी केली तर चार महिन्यांचे शिक्षण एका संध्याकाळी होते.

या जागा टाळा

शहरी नाल्यांची मुखे आणि कारखान्यांचे सांडपाणी. चिखलातला खेकडा चिवट असतो आणि घाण पाण्यातही जगतो. त्यामुळे खेकडे मिळतात म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे मुळीच नाही. तळाशी चरणाऱ्या या प्राण्याच्या शरीरात, विशेषतः कवचाखालच्या पिवळसर-तपकिरी भागात, जड धातू साठू शकतात. मुंबई-ठाण्याच्या आसपासच्या प्रदूषित खाड्यांमध्ये खाण्यासाठी खेकडे पकडणे म्हणूनच टाळावे. चिखल काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारख्या उग्र वासाचा आणि छोट्या खेकड्यांशिवायचा असेल, तर तिथून परतावे.

संरक्षित क्षेत्रे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली. अशा क्षेत्रांत वन्यजीव संरक्षणाचे नियम लागू होतात. हद्द कुठे सुरू होते हे आधी वन विभागाकडून समजून घ्यावे. अभयारण्याबाहेरही राज्यातल्या कांदळवनांचा मोठा भाग राखीव वन आहे. वाट काढण्यासाठी फांदी तोडणे हाही तिथे गुन्हा ठरतो.

दुसऱ्याची जाळी आणि पिंजरे. खाडीत खुंटाला बांधलेली दोरी किंवा तरंगणारी बाटली दिसली तर तिथे कोणाचे तरी जाळे आहे. कांदळवनात कुंपण घालून खेकडे वाढवणारे बचतगटही कोकणात आहेत. हौशी माणसाच्या दृष्टीने ती दोन खेकड्यांची गंमत असते, पण ज्यांचा त्यावर चरितार्थ आहे त्यांच्यासाठी ती दिवसाची कमाई असते. त्यांच्या जाळ्यांपासून अंतर ठेवावे आणि पकडलेला माल विकू नये.

बंदीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. केंद्राच्या आदेशानुसार ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. बिगर-यांत्रिक पारंपरिक मासेमारीला त्यातून सूट असली, तरी हौशी माणसाने या दिवसांत किनाऱ्यापासून लांबच राहावे. खवळलेला समुद्र आणि पुराचे पाणी हे त्याचे पहिले कारण.

खडपातला अनोळखी खेकडा खाऊ नये

खडकाळ किनाऱ्यावर गुळगुळीत कवचाचे, रंगीत किंवा नक्षीदार आणि काळ्या टोकाच्या नांग्यांचे काही खेकडे आढळतात. त्यांतले बरेचसे झँथिडी कुळातले असतात. या कुळातल्या काही जातींच्या शरीरात चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष असते. ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर होणे, हातापायांतली शक्ती जाणे आणि श्वास अडकणे अशी लक्षणे दिसतात. जीवही जाऊ शकतो. ओठ बधिर झाल्यासारखे वाटताच वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. नियम सोपा आहे. जो खेकडा स्थानिक बाजारात विकायला येत नाही आणि जाणकार माणूस ओळखत नाही, तो घरी आणायचा नाही.

कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा?

खेकडा उलटा धरला की पोटाखाली एक झाकण दिसते. नरामध्ये ते अरुंद आणि टोकदार, तर पूर्ण वाढलेल्या मादीमध्ये रुंद आणि गोलसर असते. झाकणाखाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा गुच्छ असेल, तर मादीला लगेच, हळुवारपणे पाण्यात सोडावे. कवच तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर तोही सोडावा. त्यात खाण्यासारखे फार नसते आणि तो अजून पिल्ले देण्याच्या वयाचा नसतो.

भरलेला आणि पोकळ खेकडा ओळखणेही गरजेचे. अमावास्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ, अशी समजूत कोकणभर आहे. पण सगळे खेकडे एकाच दिवशी कात टाकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक खेकडा हातात घेऊन पाहणे जास्त खात्रीचे. नुकतीच कात टाकलेल्या खेकड्याचे कवच स्वच्छ, चकचकीत असते आणि पोटाकडून अंगठ्याने दाबल्यास दबते. तो आकाराच्या मानाने हलका लागतो. जुने, डाग पडलेले, कालवांचे ठिपके चिकटलेले आणि दाबल्यावर न हलणारे कवच असेल तर खेकडा भरलेला. पोकळ खेकडा सोडून दिला तर काही आठवड्यांनी तोच भरलेला होऊन कोणाच्या तरी जाळ्यात येतो.

खेकडा नेहमी मागच्या बाजूने धरावा, म्हणजे नांग्या पोहोचत नाहीत. दोरीने नांग्या बांधून तो ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावा. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नये. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून तो मरतो, तर ओलसर हवेत बराच वेळ जिवंत राहतो. मेलेला खेकडा फार लवकर खराब होतो, म्हणून शिजवण्याआधीच मेलेला खेकडा फेकून द्यावा.

परतीची वाट आधी पाहा

खाडीतले अपघात बहुधा खेकड्यामुळे होत नाहीत, चढत्या पाण्यामुळे होतात. माणूस समोरच्या जाळ्याकडे पाहत असतो आणि मागचा नाळा भरून वाट बंद झालेली असते. चार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी चढते. गुडघ्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला नाळा परतताना डोक्याच्या वर गेलेला असू शकतो.

म्हणून काही नियम मोडू नयेत. एकट्याने जाऊ नये. घरी जागा आणि परतण्याची वेळ सांगून निघावे. नाळा ओलांडून पलीकडे बसायचे असेल, तर ओहोटी संपण्याआधी परत यावे. काठी टेकवून खोली पाहिल्याशिवाय चिखलात पाऊल टाकू नये. मांडीपर्यंत रुतल्यास धडपड न करता मागे रेलून, अंग पसरून एक-एक पाय मोकळा करावा. पायात घट्ट बांधलेले बूट असावेत, कारण कालवांची धार ब्लेडसारखी असते. पाण्याजवळ मुलांना जीवरक्षक जाकीट घालावे.

थोडक्यात

• ओहोटीला जागा पाहा, चढत्या भरतीला जाळे टाका.
• लहान नाळ्याचे तोंड, वळणाचा बाहेरचा काठ, जेट्टीचे खांब आणि परवानगी असेल तर उघाडी, या जागा आधी तपासा.
• ताजा चिखल, आडवे बीळ, फुटकी शिंपली आणि टाकलेली कात या खुणा शोधा.
• तिथीची पाऊणपट करून भरतीचा अंदाज घ्या आणि तक्त्यात खात्री करा.
• प्रदूषित खाडी, अभयारण्य आणि दुसऱ्याचे जाळे यांपासून दूर राहा.
• अंडी असलेली मादी, लहान खेकडा आणि पोकळ खेकडा सोडून द्या.
• अनोळखी खडपी खेकडा खाऊ नका.
• पाणी चढण्याआधी परतीचा नाळा ओलांडा.